दातातल्या फटीची कैफियत

कृमिदंतावरील उपाय सांगताना वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात असे लिहून ठेवले आहे की, किडलेल्या दाताची पोकळी गुळाने अथवा मेणाने भरावी आणि मग तापविलेल्या शलाकेने डागावी; आणि तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याला आपण भरलेले मेण रुग्णाच्या मुखात दहा-वीस वर्षे टिकून राहावे अशी अपेक्षा मुळीच नव्हती. ती अपेक्षा फार अलीकडची आहे. एकदा ती उत्पन्न झाल्यावर मात्र वैद्यक, धातुविद्या आणि रसायनशास्त्र ह्या तीन दप्तरांतील माणसे पावणेदोनशे वर्षे ज्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली, तो प्रश्न सांगायला अगदी लहान आहे: मऊ असताना पोकळीत नीट बसलेले द्रव्य घट्ट होताना आपल्या जागेवरून हलू नये, हे कसे साधावे?

हलण्याचे प्रकार दोन. द्रव्य फुगले तर दात फोडते आणि आकसले तर भिंत सोडते. पॅरिसमध्ये तावो नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून जे मिश्रण दातांत भरण्यास आरंभ केला, ते पहिल्या दोषाचे होते. घट्ट होता होता ते फुगे आणि दाताच्या कडा उचकटून टाकी. १८३३ साली क्रॉकोर बंधू हेच मिश्रण ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ असे भारदस्त नाव देऊन न्यूयॉर्कला घेऊन गेले, कीड पुरती न काढताच अंगठ्याने दाबून ते भरू लागले, आणि सोन्याचा पत्रा ठोकून दात भरण्यात हयात घालविलेल्या तेथील दंतवैद्यांचा त्यांनी असा रोष ओढवून घेतला की, थोड्याच काळात त्यांना तेथून काढता पाय घ्यावा लागला. प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यज्ञांच्या संस्थेने पाच वर्षांनी आपल्या सभासदांकडून पारा न वापरण्याचे प्रतिज्ञापत्र लिहून घेण्याचा हुकूम काढला. सभासद एकेक करून निसटू लागले. आणि १८५६ साली ती संस्थाच विसर्जित झाली. सोने हलत नाही हे खरे, पण ते ठोकून बसविण्याची मजुरी गरिबाला झेपत नाही, आणि गरिबाच्या दाताला कीड लागण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, ही साधी गोष्ट त्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात कोठेच नव्हती.

ह्या वादाला वाद म्हणून न पाहता मोजमापाचा विषय म्हणून पाहणारा मनुष्य पुढे इलिनॉय प्रांतात निपजला. ग्रीन वार्डिमन ब्लॅक ह्याने चांदी, कथील आणि तांबे ह्यांची नाना प्रमाणे घेऊन, प्रत्येकाचे मिश्रण घट्ट होताना किती फुगते वा किती आकसते हे सूक्ष्ममापकाखाली तपासले आणि १८९५ च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांदी वाढविली की फुगवटा वाढतो, कथील वाढविले की संकोच वाढतो. तेव्हा दोहोंचा तराजू साधला की द्रव्य जवळजवळ जागच्या जागी राहते, असा त्याचा हिशेब होता. सुमारे दोनतृतीयांश चांदी, पाव हिस्सा कथील आणि थोडे तांबे हे प्रमाण त्यातून निघाले, आणि आपल्याकडे ज्याला लोक ‘दातात चांदी भरणे’ म्हणतात ती चांदी पुढली सत्तर-ऐंशी वर्षे मुख्यतः ह्याच प्रमाणाने बनत राहिली. तिच्या अंगी आणखी एक गुण होता, जो ब्लॅकने योजिलेला नव्हता: चांदी आणि दात ह्यांमध्ये जी बारीक फट राही, ती धातूच्याच गंजाने कालांतराने बुजून जाई. फट नाहीशी करण्यापेक्षा तिचा बंदोबस्त करणे पुष्कळदा सोपे असते, हे ह्या कैफियतीतले पहिले प्रमाण. दुसरे पुढे येईल.

चांदी काळी, दात पांढरे. आणि समोरचे दात तर चारचौघांत दिसणारे. दातासारखे दिसेल असे द्रव्य हवे ह्या मागणीपोटी रसायनशास्त्रज्ञ मिथिल मेथॅक्रिलेट ह्या राळेकडे वळले. १९३६ पासून जर्मनीत कवळ्या ह्या राळेच्या होऊ लागल्या होत्या. महायुद्धाच्या काळात तेथेच, उष्णतेशिवाय केवळ रासायनिक चेतनेने तोंडातल्या तोंडात ती घट्ट करण्याची युक्ती सापडली, आणि युद्ध संपल्यावर सर्वत्र पांढऱ्या प्लास्टिकची भरणी सुरू झाली.

ही राळ का आकसते, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण पुढील सगळा इतिहास त्यावर उभा आहे. द्रवरूप राळेचे रेणू सुटे असतात. एका रेणूपासून दुसरा रेणू साधारणपणे नॅनोमीटरच्या तीन-चार दशांशांइतका दूर असतो. घट्ट होणे म्हणजे ह्या सुट्या रेणूंनी एकमेकांचे हात धरून साखळ्या करणे, आणि हात धरताच तेच अंतर निम्म्यावर, किंबहुना निम्म्याहून खाली येते. आमच्या भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलावांचा तळ वैशाखात सुकला म्हणजे गाळ काठापासून सुटून आत ओढला जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या क्रियेचा परिणाम निराळा समजावून द्यावयास नको. मात्र गाळातून पाणी निघून जाते आणि राळेतून काहीच निघून जात नाही, वजन जसेच्या तसे राहते, फक्त रेणूंतील रिकामी जागा मिटते. निव्वळ मिथिल मेथॅक्रिलेट अशा रीतीने शंभरात एकवीस भाग आकसते. आधीच घट्ट केलेल्या राळेची भुकटी द्रवात कालवून भरली की आकसणारा अंशच कमी होतो आणि संकोच सुमारे सात भागांवर येतो. परंतु सात भाग हेही दातासाठी अतोनात आहेत.

ते किती अतोनात आहेत हे वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय मानक कार्यालयात नेल्सन, वॉलकॉट आणि पॅफेनबार्गर ह्या तिघांनी १९५२ साली जगापुढे मांडले. प्रयोग इतका साधा की शाळेच्या प्रयोगशाळेतही व्हावा. राळ भरलेला उपटलेला दात बर्फाच्या पाण्यात थंड केला, बाहेर काढून पुसला आणि बोटांच्या उबेत धरला. भिंगातून पाहता राळेच्या कडेने पाण्याचे बारीक थेंब पाझरताना दिसले. राळ उष्णतेने दाताच्या सातपट फुगते व थंडीने सातपट आकसते. त्यामुळे चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर फट मिटे आणि गार पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर ती उघडून मुखातील लाळ, साखर व जंतू आत ओढून घेई. भरणीखाली पुन्हा कीड का लागते ह्या प्रश्नाचे उत्तर त्या थेंबांत होते.

ह्याच कार्यालयात चार वर्षांनी राफाएल बोवेन हा तरुण दंतवैद्य रुजू झाला. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे त्याचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्यात फावल्या वेळी तो एपॉक्सी राळेत सिलिकेची भुकटी मिसळून पाहत असे. त्याचे दोन विचार होते आणि दोन्ही बरोबर होते. पहिला असा की, आकसणारी राळ थोडी आणि न आकसणारी काच अधिक घेतली तर एकूण संकोच आपोआप उतरेल. दुसरा असा की, एपॉक्सीच्या रेणूत एक लहानसे बंद कडे असते. हात धरताना ते कडे उघडते, रेणू थोडा लांबतो, आणि जवळ येण्याने जी जागा मिटते तिची काही अंशी भरपाई उघडण्याने होते. अडचण एकच होती: एपॉक्सी तोंडात घट्ट होण्यास फार वेळ घेई. रुग्णाने तास-दीड तास जबडा उघडा ठेवून बसावे हे कोणत्याही दंतवैद्याला सांगता येण्यासारखे नव्हते.

तेव्हा बोवेनने जी तडजोड केली, ती दंतवैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत फलद्रूप तडजोड म्हटली पाहिजे. एपॉक्सीच्या मोठ्या रेणूचा गाभा त्याने ठेवला आणि त्याच्या दोन्ही टोकांना मेथॅक्रिलेटचे चपळ हात जोडून दिले. रेणू मोठा म्हणजे तेवढ्याच जागेत हातांची संख्या कमी, आणि हात कमी म्हणजे संकोचही कमी. टोके मेथॅक्रिलेटची म्हणजे काही मिनिटांत घट्ट. काचेच्या कणांनी राळेला घट्ट धरावे म्हणून कणांवर सिलेनचा पातळ लेप दिला. १९५९ मध्ये दाखल केलेला त्याचा एकस्वाचा अर्ज २७ नोव्हेंबर १९६२ रोजी मंजूर झाला. बिस-जीएमए ह्या नावाने तो रेणू आजही बाजारातील असंख्य भरण्यांच्या गाभ्यात आहे. १९६४ मध्ये ‘अ‍ॅडेंट’ हे ह्या जातीचे पहिले द्रव्य बाजारात आले, त्या दशकाच्या अखेरीस ‘अ‍ॅडॅप्टिक’ आले, आणि दंतवैद्य ज्याला ‘कॉम्पोझिट’ व रुग्ण ज्याला ‘सिमेंट’ म्हणतात त्या भरणीचे युग सुरू झाले. संकोच सातांवरून दोन-तीन भागांवर उतरला.

परंतु तडजोडीत जे सोडून दिले त्याचीही नोंद घेतली पाहिजे. कडे उघडून जागा भरून काढण्याची युक्ती बोवेनच्या हातून निसटली. मेथॅक्रिलेटची टोके कडे उघडीत नाहीत, नुसती जवळ येतात. शिवाय त्याचा मोठा रेणू इतका दाट की त्यात पुरेशी काच कालवता येईना. म्हणून त्यास पातळ करण्यासाठी दुसरा लहान रेणू मिसळावा लागला, आणि लहान रेणू म्हणजे पुन्हा हातांची दाटी, म्हणजे पुन्हा संकोच. पुढील अर्धशतक संशोधक ह्या दोन गोष्टींभोवती घुटमळत राहिले.

दोन-तीन भाग म्हणजे व्यवहारात किती? दाढेतील चार मिलिमीटर रुंदीची पोकळी घ्या. घनफळात अडीच टक्के संकोच म्हणजे लांबीत त्याचा तिसरा हिस्सा, सुमारे पाऊण टक्का. चार मिलिमीटरवर तो मिलिमीटरच्या तीन शतांश भागांइतका, म्हणजे सुमारे तीस मायक्रॉन होतो. दात किडविणारा जंतू एका मायक्रॉनहूनही लहान असतो. भरणी एका बाजूने सुटली तर अशा जंतूंची तीस-चाळीस जणांची ओळ शेजारी शेजारी उभी राहून आत शिरू शकेल एवढा दरवाजा उघडतो.

भरणी सुटू नये म्हणून तिला चिकटविण्याची विद्या ह्याच काळात उदयास आली होती, आणि तिने प्रश्न सोडविला तितकाच अधिक बिकटही केला. रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर ह्याने जहाजे व मोटारी रंगविणाऱ्यांकडून एक गोष्ट उचलली: रंग देण्यापूर्वी ते धातूला फॉस्फरिक अम्ल लावीत, म्हणजे रंग घट्ट बसे. १९५५ मध्ये त्याने ८५ टक्क्यांचे तेच अम्ल ३० सेकंद दाताच्या आवरणावर लावले. आवरण खडबडीत झाले आणि राळ त्यातील असंख्य सूक्ष्म खाचांत शिरून बसली. दहा-पंधरा वर्षे ह्या शोधाकडे फारसे कोणी पाहिले नाही; पाहिले तेव्हा त्याचा सार्वत्रिक स्वीकार झाला. पण चिकटलेल्या भरणीचा स्वभाव न चिकटलेल्या भरणीहून निराळा असतो. सुटी भरणी आकसली तर फट पडते एवढेच. चिकटलेली भरणी आकसू लागली की ती दाताच्या भिंतींना धरून आत ओढते. मग एकतर चिकटपणा हरतो आणि फट पडते, किंवा चिकटपणा जिंकतो आणि दाढेचे उंचवटे मायक्रॉनांनी का होईना पण एकमेकांकडे झुकतात, आवरणाला तडे जातात, कडेला पांढरी रेषा उमटते, आणि भरून आलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी तक्रार करतो की चावले की कळ येते.

त्यातच निळा दिवा आला. १९७० नंतर आधी जंबुपार किरणांनी आणि त्या दशकाच्या अखेरीस साध्या निळ्या प्रकाशाने राळ घट्ट करण्याची रीत रूढ झाली. रुग्णाला हे फार सोयीचे. वीस-चाळीस सेकंदांत काम संपते. पण मिनिटे घेऊन हळूहळू घट्ट होणाऱ्या राळेला आतल्या आत सरकून ताण सोडायला जो अवसर मिळे, तो ह्या दिव्याने हिरावून घेतला.

अ‍ॅम्स्टरडॅम येथील डेव्हिडसन, डी गी आणि फायल्झर ह्यांनी १९८४ मध्ये ही झुंज जशीच्या तशी मोजली: एका बाजूस दाताला धरून राहण्याची शक्ती, दुसऱ्या बाजूस आकसण्याचा ताण, आणि दोहोंपैकी कोण कोणत्या क्षणी वरचढ ठरते. तीन वर्षांनी त्यांनी ह्यात भूमितीचा शिरकाव केला. भरणीच्या जितक्या बाजू दाताला चिकटलेल्या, त्यांस मोकळ्या बाजूंनी भागावे. जो अंक येतो तो जितका मोठा, तितका ताण भारी. चपट्या जागी लावलेली राळ मोकळ्या पृष्ठाकडून वाहून येते आणि आपले दुःख हलके करते. दाढेच्या माथ्यावरील खोल खड्ड्यात पाच बाजू बांधलेल्या आणि एकच मोकळी असते, तेथे तिला जायला वाट नसते. म्हणजे तीच डबी, तेच द्रव्य, तोच दोन टक्क्यांचा संकोच; एका दातात निरुपद्रवी, दुसऱ्यात विध्वंसक. माझ्या मते ह्या कैफियतीतील खरे वळण हे आहे. तोवर सगळे द्रव्याची झडती घेत होते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या मंडळींनी जागेची झडती घेतली.

त्यावर दवाखान्यांत जो तोडगा निघाला तो कष्टाचा होता. पोकळी एकदम न भरता दोन दोन मिलिमीटरच्या तिरक्या थरांनी भरावी, प्रत्येक थर शक्य तितक्या थोड्या भिंतींना टेकवावा, दिव्याने घट्ट करावा, मग दुसरा. ह्यासाठी दात कोरडा ठेवावा लागतो, रबराचा पडदा ताणावा लागतो, वीज लागते, आणि एका दाताला अर्धा-पाऊण तास लागतो.

हा तोडगा कोणाच्या आवाक्यातला, हे पाहण्यासाठी येथे वैनगंगेच्या काठी थोडे थांबणे भाग आहे. कारधा हे गाव नदीच्या पूर्वतीरावर, भंडारा शहराच्या समोर वसले आहे, आणि मुंबईहून कलकत्त्यास जाणारा राजमार्ग येथे पुलावरून नदी ओलांडतो. बोवेनला एकस्व मिळाले त्या वर्षी ह्या तीरावरील कास्तकाराचा दात दुखला तर त्याच्यापुढे लवंगेचे तेल होते, तंबाखूची चिमूट होती, बाजाराच्या दिवशी सतरंजी पसरून दात उपटणारा मनुष्य होता, आणि फारच झाले तर पूल ओलांडून जिल्ह्याचा सरकारी दवाखाना होता, जेथे दाताचा इलाज म्हणजे दात काढणे हाच शिरस्ता असे. भंडारा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्यप्रदेशात होता आणि त्या प्रांताच्या ह्या भागात दंतवैद्यक शिकविणारे विद्यालयच नव्हते. ज्याला शिकावयाचे त्याने १९२० मध्ये डॉ. आर. अहमद ह्यांनी काढलेल्या कलकत्त्याच्या अथवा १९३३ पासून चालत आलेल्या मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या विद्यालयाची वाट धरावी. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने धंद्याची नोंदणी सक्तीची झाली, पण कायद्याने दंतवैद्य उत्पन्न होत नाहीत. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९६८ साली, आणि वर्ध्याजवळ सावंगीचे निघाले त्यानंतर सुमारे दोन तपांनी. तेव्हा कोठे ह्या भागातील मुलेमुली दंतवैद्य होऊन परत येऊ लागली. म्हणजे ब्लॅकची चांदी कारध्याच्या रुग्णांपर्यंत नीट पोचते न पोचते तोच तिच्या पाठोपाठ निळा दिवा येऊन उभा राहिला. पाश्चात्य देशांत ज्या दोन युगांमध्ये पाऊणशे वर्षे गेली ती येथे जवळजवळ एकाच पिढीने पाहिली.

आणि त्या पिढीचे मुख तरी कसे? खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, ह्या प्रांतात लहानथोर खातात. सुपारी कडकडून चावणाऱ्या जबड्याखाली भरणीच्या कडेवर जो भार येतो, आणि लाळेने भरलेल्या तोंडात अर्धा तास कोरडा दात राखणे किती दुरापास्त असते, ह्याची कल्पना अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रयोगशाळेतून येणार नाही. दूर गावाहून मजुरी बुडवून आलेल्या बाईला दोन मिलिमीटरचे पाच थर सांगणे म्हणजे तिला दात काढून घेण्यास सुचविण्यासारखेच आहे.

संशोधकांपैकी एका पंथाला मात्र थर, भूमिती ह्या तडजोडी मान्य नव्हत्या; मुळात न आकसणारी राळच करावी, असा त्यांचा आग्रह होता. मेरिलँड विद्यापीठातील विल्यम बेली ह्याने १९७० नंतरच्या काळात असे रेणू घडविले ज्यांत एकाला लागून एक अशी दोन कडी असत आणि साखळी होताना दोन्ही एकदम उघडत. काहींचे घनफळ घट्ट होताना चक्क वाढे. १९७९ मध्ये असा रेणू दंतपूरक राळेत मिसळून पाहण्यात आला. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात ते पदार्थ घनरूप, इतर राळेत सहज न मिसळणारे आणि अर्धवटच साखळीत जाणारे निघाले. तोंडात ज्यावर भरवसा ठेवावा असे द्रव्य त्यांतून निपजले नाही.

जे निपजले ते बव्हेरियातील झेफेल्ड येथे, आणि ते बोवेनने सोडून दिलेल्या वाटेवरचे होते. थ्रीएम एस्पे ह्या कंपनीच्या रसायनज्ञांनी सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांच्या वलयाला एपॉक्सीची चार कडी जोडली. वलयामुळे राळ पाण्याला दूर ठेवी आणि कडी उघडून संकोच भरून काढीत. १९५६ मध्ये जी क्रिया तोंडाला अति मंद होती, ती आता प्रकाशाने उत्पन्न होणाऱ्या अम्लाच्या बळावर सोसण्याजोग्या वेळात होऊ लागली. ‘साइलोरेन’ ह्या नावाने २००७ मध्ये हे द्रव्य बाजारात आले आणि त्याचा संकोच शंभरात एका भागाहून कमी होता. संकोचाशी चाललेले हे शतकाहून अधिक काळाचे भांडण मिटले, असे समजायला तेव्हा काही हरकत नव्हती.

तरीही ते टिकले नाही. साइलोरेनची साखळी मेथॅक्रिलेटहून वेगळ्या जातीची. त्यामुळे दवाखान्यात असलेले इतर कोणतेही चिकटद्रव्य त्याला चालेना, त्याचे स्वतःचे दोन बाटल्यांचे चिकटद्रव्य घ्यावे लागे, आणि जुन्या भरणीची डागडुजी नव्या द्रव्याने करणेही कटकटीचे होई. दिव्याखाली त्याला अधिक वेळ लागे, आणि रंगछटा मोजक्याच. हे सारे दंतवैद्यांनी सोसले असते, जर फळ तसे दिसते. परंतु रुग्णांच्या मुखात काही वर्षे पाहून जे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांत साइलोरेनच्या कडा जुन्या राळेच्या कडांहून ठळकपणे चांगल्या असल्याचे सिद्ध झाले नाही. काही वर्षांनी कंपनीने ते द्रव्य मागे घेतले. बोवेनची तडजोड अशा रीतीने पन्नास वर्षांनी पुन्हा मंजूर झाली.

ह्याला रसायनज्ञांचा पराभव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना जो अंक खाली आणावयास सांगितला होता तो त्यांनी आणला. फट त्या एका अंकाच्या आज्ञेत वागत नाही, एवढेच काय ते. राळ किती आकसते, किती लवकर ताठर होते, ताठर होण्यापूर्वी किती वाहू शकते, आणि वैद्याने दात किती कोरडा ठेवला, ह्या सगळ्यांचा मिळून हिशेब लागतो.

हिशेबाच्या ह्या दुसऱ्या बाजूने जे काम झाले ते कमी गाजले, पण अधिक टिकले. कोलोरॅडो विद्यापीठातील ख्रिस्तोफर बोमन व त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे दाखविले की, साखळीत काही दुवे असे ठेवता येतात जे प्रकाश पडत असताना तुटतात आणि लगेच दुसरीकडे जुळतात. द्रव्य आकसते, पण आकसताना साचलेला ताण ह्या तुटण्याजुळण्यातून वाहून जातो. २०१० च्या आसपास डेंट्सप्लाय कंपनीने ‘एसडीआर’ हे द्रव्य काढले, ज्यात राळेला ताठर होण्याआधी थोडी मुदत मिळावी अशी तजवीज होती. त्याचे एका वेळी चार मिलिमीटर भरता येत. पुढे तुटून जुळणारे दुवे असलेली द्रव्येही बाजारात आली. ह्या साऱ्यांचा संकोच साइलोरेनपेक्षा जास्त आहे, काहींचा तर जुन्या राळेहूनही जास्त. तरी दाताला ते कमी ओढतात. थर दोनाचे एक झाले हा लाभ तर जेथे रुग्णांची रांग दवाखान्याच्या पायऱ्यांवर आलेली असते तेथे लहान नव्हे. आपल्या देशात तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत काच आणि राळ ह्यांचा रेणूतच संकर करून संकोच उतरविण्याचे जे काम झाले, तेही ह्याच ओघातले समजले पाहिजे.

आणि ज्या दुसऱ्या प्रमाणाचा वायदा वर केला होता ते ह्या सर्वांहून जुने आहे. लंडनच्या सरकारी रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट ह्यांनी १९६९ च्या सुमारास काचेची भुकटी आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक अम्ल ह्यांचे एक सिमेंट बनविले, ज्याला ग्लास आयनोमर म्हणतात. त्याला दिवा लागत नाही, कोरड्या दाताचा हट्ट नाही, अम्लाची वेगळी पूर्वतयारी नाही. ते दाताच्या चुन्याशी आपण होऊन बांधले जाते. संकोचाच्या अंकात ते कॉम्पोझिटहून काडीचेही सरस नाही, जवळजवळ तितकेच आकसते. परंतु ते हळूहळू घट्ट होते आणि मुखातील पाणी शोषून पुन्हा थोडे फुगते, त्यामुळे ताण साचत नाही. ताकदीत ते दुबळे, दाढेच्या माथ्यावर झिजणारे. पण १९८० नंतरच्या दशकात टांझानियात यो फ्रेन्केन ह्यांनी विजेवाचून, टोचणीवाचून, केवळ हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून हेच सिमेंट बोटाने दाबून भरण्याची पद्धत बसविली, आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. शाळेच्या ओसरीवर, बाकावर मूल निजवून, कंदिलाच्या उजेडातही ही भरणी होते. बेलीच्या दोन कड्यांच्या रेणूला जे जमले नाही ते ह्या गरीब सिमेंटाने आपल्या मंदपणाने साधले, हे रसायनशास्त्राच्या अभिमान्यांना रुचणार नाही. पण कारध्याच्या बाजूच्या गावांत तपासणी शिबिर घेणाऱ्या दंतवैद्याच्या पिशवीत काय असावे असे मला विचारले तर मी तेच सुचवीन, आणि ज्याचा दात मोठा व भार अधिक त्याला पूल ओलांडून भंडाऱ्याला जाण्यास सांगेन.

पाऱ्याचे दिवस आता मोजके आहेत. २०१३ च्या मिनामाता तहाने पाऱ्याचा वापर आटोपता घेण्याचे जगाने ठरविले, भारताने २०१८ मध्ये तो तह मान्य केला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांतील चांदी जवळजवळ बंदच केली. म्हणजे गंजून आपली फट आपण बुजविणारे ते जुने द्रव्य जाणार आणि आकसणारी राळ व दुबळे सिमेंट ह्यांच्यावरच सारा कारभार येणार. ह्या राळांची परीक्षा ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने होते त्यात वाकण्याची ताकद, दिव्याचा उजेड किती खोल पोचला, पाणी किती शोषले, ह्या सगळ्यांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. संकोचासाठी २०१३ मध्ये एक स्वतंत्र मानक निघाले. त्यात द्रव्य घट्ट होण्याआधी आणि झाल्यावर द्रवात तोलून संकोच कसा मोजावा एवढेच सांगितले आहे, तो किती असावा ह्याचा आकडा त्यात नाही.